जिभेवर की हातावर: साथीत कॅथलिकांमध्ये पडलेली फूट

देवपूरच्या एकवीरादेवीची चैत्रातली यात्रा कोविडच्या साथीमुळे २०२० साली भरली नाही. त्याच वर्षी आषाढीला मुक्ताईच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. खान्देशाने दोन्ही गोष्टी पाहिल्या, हळहळ केली आणि पुढच्या वर्षाची वाट पाहिली. २०२१ मध्ये काहींनी पायी वारीचा आग्रह धरला, पोलिसांनी अडवले. पण ते भांडण सरकारशी होते. एसटीतून गेलेली वारी ही वारीच नव्हे, असे म्हणत वारकऱ्यांचे दोन पंथ झाले नाहीत.

कॅथलिक चर्चमध्ये मात्र भांडण घरातच लागले. श्रद्धावंत आपल्या बिशपाशी भांडले, आणि काही बिशप सरकारशी भांडले. बाहेरून पाहणाऱ्याला विषय अगदी क्षुल्लक वाटावा असा होता: मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, मिळणारा ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यायचा की तळहातावर. क्षुल्लक तो नव्हता. का नव्हता, ते इथे पाहू.

खान्देशातले कॅथलिक

धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून हा वेगळा काढला गेला. थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप; साथीच्या काळात लुर्ड्स डॅनियल बिशप होते. पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हाही याच धर्मप्रांतात आहे आणि मराठी कॅथलिकांची मोठी वस्ती तिथे आहे. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्रा तिथलीच.

खान्देशात मात्र कॅथलिक विरळ. भुसावळच्या रेल्वेमुळे आलेली जुनी कुटुंबे, शाळा चालवणाऱ्या सिस्टर, नोकरीनिमित्त आलेले गोवेकर, मंगळुरी, तमिळ. इथले बहुसंख्य ख्रिस्ती प्रोटेस्टंट आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन मिशनने धुळे, अमळनेर, नवापूर या पट्ट्यात काम केले, त्याची ती फळे. त्यामुळे शेजाऱ्यांना सगळे ख्रिस्ती सारखेच वाटतात, आणि कॅथलिकांची अडचण नेमकी काय होती हे लक्षात येत नाही. प्रोटेस्टंट उपासनेच्या मध्यभागी बायबलचे वाचन आणि प्रवचन असते. ते मोबाइलवर ऐकता येते. कॅथलिक उपासनेच्या मध्यभागी असते एक खायची वस्तू.

मिस्सा पडद्यावर का पुरत नाही

कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत फादर भाकरीवर ख्रिस्ताचे शब्द उच्चारतात तेव्हा ती भाकर भाकर राहत नाही, ख्रिस्ताचे शरीर होते. प्रतीक म्हणून नव्हे, खरोखर. चर्चच्या सात संस्कारांपैकी बहुतेक असेच वस्तूवर किंवा स्पर्शावर उभे आहेत. बाप्तिस्म्याला पाणी लागते, आजाऱ्याच्या अभ्यंगाला तेल, धर्मगुरूच्या दीक्षेला डोक्यावर ठेवलेले हात. यातली वस्तू काढली तर उरते ती प्रार्थना. प्रार्थना चांगलीच, पण तो संस्कार नव्हे.

मार्च २०२० च्या उत्तरार्धात चर्चची दारे बंद झाली आणि मिस्सा यूट्यूबवर आली, तेव्हा बिशपांनी रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून लोकांना सूट दिली. धर्मविधानात तशी सोय आहे. ज्यांना फादर, सिस्टर, शेजारचे कुटुंब हे सगळे एका हाकेवर मिळते, त्यांना पडदा उणा वाटला. विरळ वस्तीतल्या कुटुंबाला मात्र कधी नव्हे ती वसईची मराठी मिस्सा, मराठी गायनासकट, घरात मिळाली. तिथे काही मंडळी खूशही झाली असतील तर नवल नाही. या खुशीचीच रोमला भीती वाटत होती. स्वतः रोज सकाळची मिस्सा प्रक्षेपित करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात सांगितले की पडद्यावरची ही जवळीक संकटापुरती आहे, चर्च म्हणजे हे नव्हे. उपासनाविषयक खात्याचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी त्याच वर्षी बिशपांना पत्र लिहून बजावले की कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही.

इथपर्यंत फारसा मतभेद नव्हता. दारे किलकिली झाली तेव्हा तो सुरू झाला.

जिभेवर की हातावर

लाळेतून पसरणाऱ्या रोगात फादरांची बोटे पन्नास जणांच्या जिभांजवळ जाणार, हे उघडच धोक्याचे. म्हणून जगभर बहुतेक बिशपांनी ख्रिस्तप्रसाद फक्त हातावर देण्याचा नियम केला. मुंबई महाधर्मप्रांताने २००९ च्या स्वाइन फ्लूतही हातावर घेण्याची सूचना केली होती, त्यामुळे इकडे ही कल्पना नवी नव्हती.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे तीन थरांचे होते. पहिला थर श्रद्धेचा: हा जर खरोखर प्रभूचा देह असेल तर तो गुडघे टेकून, फादरांच्या हातून, तोंडातच घ्यावा, तळहातावर कण राहिला आणि खाली पडला तर? दुसरा थर कायद्याचा, आणि तो बराच भक्कम आहे. २५ मार्च २००४ च्या व्हॅटिकनच्या सूचनेत ९२ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला नेहमीच आहे. हात हा पर्याय, जीभ हा मूळ नियम. जुलै २००९ मध्ये, स्वाइन फ्लूच्या काळातच, ब्रिटनमधल्या एका कॅथलिकाने विचारणा केली तेव्हा व्हॅटिकनच्या खात्याने याच कलमाकडे बोट दाखवले. अमेरिकेतल्या पोर्टलंड महाधर्मप्रांताने तर मार्च २०२० च्या सुरुवातीला डॉक्टरांशी बोलून जाहीर केले होते की दोन्ही पद्धतींत धोका जवळपास सारखाच, म्हणून जिभेवर द्यायला नकार देता येणार नाही. म्हणजे ज्यांना हट्टी म्हटले गेले त्यांच्या हातात चर्चचाच कागद होता.

दुसऱ्या बाजूकडेही कागद होता. धर्मप्रांतातल्या उपासनेचे नियमन करण्याचा अधिकार बिशपाला आहे, आणि लोकांचा जीव वाचवणे हे त्याचे कर्तव्यच. शिवाय हातावर घेणे ही काही कालची टूम नव्हे. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल नवख्या ख्रिस्ती लोकांना डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धरून प्रभूला कसे घ्यावे ते शिकवत होते. जिभेवर देण्याची रीत पश्चिमेकडे त्यानंतर काही शतकांनी रुजली.

विरोधकांच्या म्हणण्याचा तिसरा थर संशयाचा, आणि माझ्या मते खरे भांडण तिथे आहे. १९६८-६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी जगभरच्या बिशपांचे मत मागवले, तेव्हा बहुसंख्य बिशपांनी हातावर देण्याच्या विरोधात मत दिले. तरीही जिथे ही रीत आधीच शिरली आहे तिथल्या बिशपांना अपवाद म्हणून परवानगी मिळू शकेल, असे ठरले. पुढच्या काही दशकांत अपवादाचाच नियम झाला. ज्यांनी हे पाहिले, किंवा घरात ऐकले, त्यांना २०२० मध्ये ‘तात्पुरते’ हा शब्द ऐकून धीर आला नाही. मुंबईत हातावरचाच नियम साथ ओसरल्यावरही बराच काळ चालू राहिला आणि श्रद्धावंतांच्या एका गटाने त्याला हरकत घेतली, तेव्हा हा संशय अगदीच निराधार नव्हता हे दिसले.

२०२० च्या उन्हाळ्यात, जळगाव जिल्ह्यातला मृत्युदर देशात चर्चेचा विषय झाला होता त्या दिवसांत, कुणी जिभेवरच हवे म्हणून अडून बसला असता तर मी त्याची बाजू घेतली नसती. पण नियम करताना तो कधी उठणार हेही त्याच पत्रात लिहायला हवे होते. पुष्कळ ठिकाणी ते झाले नाही.

जोडलेले हात

मिस्सेत ख्रिस्तप्रसादाआधी लोक एकमेकांना शांतीची खूण देतात. युरोप-अमेरिकेत हस्तांदोलन, कुठे आलिंगन. साथ आली तेव्हा तिकडे प्रश्न पडला की आता काय करायचे. कुणी मान लववली, कुणी छातीवर हात ठेवला, काहींनी आपल्यासारखे हात जोडले.

भारतात हे उत्तर आधीच तयार होते, आणि त्यामागे एक जुने भांडण आहे. एप्रिल १९६९ मध्ये व्हॅटिकनने भारतीय चर्चसाठी बारा बदल मंजूर केले. बसून उपासना करणे, पादत्राणे काढणे, गुडघे टेकण्याऐवजी पंचांग प्रणाम किंवा अंजली, समईसारखे तेलाचे दिवे, आरती, आणि शांतीची खूण म्हणून जोडलेले हात. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्राचे फादर डी. एस. अमलोरपवदास हे या खटपटीचे प्रमुख नाव. तेव्हा अनेक भारतीय कॅथलिक खवळले होते. हे चर्चचे हिंदूकरण आहे, बिशपांनी लोकांना विचारलेच नाही, असे आक्षेप पुढची पंधरा-वीस वर्षे चालले, पुस्तके निघाली, सभा झाल्या. नमस्काराला विरोध करणाऱ्यांना तेव्हा वाटत होते तेच २०२० मध्ये हाताच्या नियमाला विरोध करणाऱ्यांना वाटले: आमची प्रार्थना वरून बदलली जाते आहे. नमस्कार मात्र टिकला. साथीत तो नकळत सगळ्यात निर्वेध विधी ठरला. त्यावरून कुणी भांडल्याचे माझ्या कानावर आले नाही.

बंद दारांमागचा पवित्र आठवडा

२०२० चा ईस्टर १२ एप्रिलला आला, ऐन टाळेबंदीत. व्हॅटिकनने १९ आणि २५ मार्चला दोन आदेश काढून त्या आठवड्याचे विधी छाटले. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक नाही. गुरुवारी बारा जणांचे पाय धुणे नाही. उत्तम शुक्रवारी क्रुसाचे चुंबन फक्त विधी चालवणाऱ्या धर्मगुरूने घ्यायचे. त्याआधी २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहिले. बाजूला रोमच्या सान मार्चेल्लो चर्चमधला तो क्रूस होता, जो १५२२ च्या प्लेगमध्ये शहरभर मिरवला गेला होता.

२०२१ च्या राखेच्या बुधवारी फादरांनी राख लावतानाचे वाक्य एकदाच सर्वांसाठी म्हणावे आणि मग न बोलता डोक्यावर राख भुरभुरावी, असे ठरले. आपल्याकडे कपाळावर राखेचा क्रूस काढतात, म्हणून हे चमत्कारिक वाटले. इटलीत ती जुनीच पद्धत आहे.

फोनवर पापनिवेदन?

नाही. व्हिडिओ कॉलवरही नाही. या बाबतीत रोम जराही हलले नाही. त्याऐवजी दोन जुन्या वाटा मोकळ्या केल्या. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या वॉर्डात धर्मगुरू दारातूनच सर्वांना एकत्र क्षमा देऊ शकतील. आणि ज्याला धर्मगुरू मिळणेच शक्य नाही, त्याने मनापासून पश्चात्ताप करून थेट देवाला सांगावे, नंतर संधी मिळताच पापनिवेदन करावे. पोप फ्रान्सिस यांनी २० मार्चला हे सोप्या शब्दांत सांगितले. काहींना वाटले, मग फादरांकडे जायची गरजच काय? जुन्या धर्मशिक्षणातच हे आहे, हे पुष्कळांना तेव्हा प्रथमच कळले.

माती की अग्नी

आपल्या शेजारपाजारी अग्नी हा रोजचा. कॅथलिक घरात तो कापरे भरवतो.

३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले: कोविडने गेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे. ओरड झाली आणि त्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानांत कोविडच्या मृतांना पुरण्यास हरकत घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. २२ मे २०२० ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. पुरल्याने रोग पसरतो याला आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. तो खटला मुस्लिम दफनभूमींचा, पण त्याचा दिलासा ख्रिस्ती घरांनाही होता.

चर्चचा स्वतःचा नियम काय? १९६३ पासून कॅथलिकांना दहनाला बंदी नाही. दफन श्रेयस्कर, दहन चालते. २०१६ च्या सूचनेत अट होती ती राखेची: ती नदीत सोडायची नाही, वाटून घ्यायची नाही, पवित्र जागीच ठेवायची. कागदावर अडचण नव्हतीच. अडचण मनात होती, कारण देह मातीत ठेवणे आणि शेवटच्या दिवशीच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणे, या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र शिकवल्या गेल्या होत्या.

केरळातल्या आलप्पुळा धर्मप्रांताने ही गाठ सगळ्यात शहाणपणाने सोडवली असे मला वाटते. समुद्राकाठची सखल जमीन. थोडे खणले की पाणी लागते. नियमानुसार खोल खड्डा खणणे कठीण. जुलै २०२० मध्ये बिशप जेम्स आनापरंबिल यांनी कोविडच्या मृतांचे दहन चर्चच्या दफनभूमीतच करायला आणि मग अस्थी तिथेच पुरायला परवानगी दिली. अग्नी आला, पण माती सुटली नाही. आपली माणसे आपल्याच आवारात राहिली. बदल करताना लोकांना काय सोडवत नाही ते आधी पाहिले, की विरोध किती सौम्य होतो हे इथे दिसले. हातावरच्या नियमात नेमके हेच झाले नव्हते.

दार कोणी उघडायचे

केंद्र सरकारने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळे उघडायला मुभा दिली. सोबतच्या नियमावलीत प्रसाद वाटणे, पवित्र पाणी शिंपडणे, मूर्तींना व ग्रंथांना स्पर्श करणे आणि गायकवृंद यांना मनाई होती. या यादीत मिस्सेचा जवळपास सगळा देह येतो. महाराष्ट्राने तर दारेच उघडली नाहीत. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना गेलेले पत्र गाजले, आणि अखेर १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, मंदिरे, मशिदी, चर्च उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला पुन्हा सुरू. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा आणि हरेगावची यात्रा सप्टेंबरात येतात. दोन्ही वर्षी त्या बंदच्या काळात सापडल्या.

दारूची दुकाने उघडी आणि चर्च बंद, हा राग मंदिरवाल्यांइतकाच कॅथलिकांतही होता. पण भारतात बिशपांनी बहुधा सबुरीची भूमिका घेतली, आणि अल्पसंख्याक म्हणून ती स्वाभाविकच होती. युरोपात चित्र वेगळे. २६ एप्रिल २०२० ला इटलीच्या बिशप परिषदेने मिस्सा बंद ठेवल्याबद्दल सरकारवर उघड टीका केली. दोनच दिवसांनी पोप फ्रान्सिस यांनी सकाळच्या मिस्सेत लोकांना शहाणपण आणि आज्ञापालनाची कृपा मिळावी म्हणून प्रार्थना केली. बिशपांना हा टोला होता असे अनेकांनी मानले. मे महिन्यात आर्चबिशप विगानो यांनी निर्बंधांमागे कट असल्याचे सुचवणारे आवाहन काढले आणि त्यावर कार्डिनल म्युलर, कार्डिनल झेन यांच्याही सह्या होत्या. फ्रान्समध्ये नोव्हेंबरात लोक मिस्सेसाठी रस्त्यावर आले. चर्च केवढेही असो, तीसच माणसे, हा सरकारी आकडा तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फेरविचारासाठी परत पाठवला.

लशीवरूनही वाद झाला. कोविशिल्डसारख्या काही लशींच्या निर्मितीत अनेक दशकांपूर्वीच्या गर्भपातातून मिळालेल्या पेशींची वंशावळ वापरली गेली होती. २१ डिसेंबर २०२० ला व्हॅटिकनने दुसरा पर्याय नसेल तर ती घेणे नैतिकदृष्ट्या चालते असे जाहीर केले. आपल्याकडे हा प्रश्न फारसा पेटला नाही. इथली चिंता लस मिळते की नाही, ही होती.

आधीच्या साथींत

१५७६ साली मिलानमध्ये प्लेग आला तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. लोकांनी घराच्या खिडकीतून मिस्सा पाहावी आणि घर सोडू नये, ही त्यामागची योजना. ते पुढे संत झाले. १९१८ च्या इन्फ्लुएंझात स्पेनमधल्या सामोरा शहराच्या बिशपाने उलटे केले: संत रॉकची नऊ दिवसांची प्रार्थना ठेवली, लोकांनी रांगेने अवशेषांचे चुंबन घेतले. सामोरातला मृत्युदर देशात सर्वांत जास्त ठरलेल्यांपैकी एक होता. मुंबईच्या १८९६ च्या प्लेगची खूण वांद्रे, खोताचीवाडी अशा जुन्या वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या क्रुसांतून आजही दिसते. कुटुंबांनी, मोहल्ल्यांनी ते नवसाचे म्हणून बांधले. संध्याकाळी त्यांच्यासमोर उघड्यावर जपमाळ म्हटली जाई. बिशपाच्या आदेशाशिवाय, लोकांनी स्वतःच घडवलेला हा साथीचा विधी.

आता नियम काय

सरकारी निर्बंध उठले तसे रविवारचे बंधन धर्मप्रांतागणिक परत लागू झाले. प्रक्षेपण काही चर्चनी आजारी आणि वृद्धांसाठी चालू ठेवले. पवित्र पाण्याची भांडी पुन्हा भरली, क्वचित कुठे नळाची बाटली राहिली. जिभेवर घेण्याचा हक्क सांगणारे २००४ चे कलम जसेच्या तसे आहे. बिशपाचा नियमनाचा अधिकारही आहे. रोगराईत या दोहोंपैकी वरचढ कोण, हे ठरवणारा सर्व चर्चला लागू असा नियम व्हॅटिकनने २००९ नंतर केला नव्हता. २०२० च्या पत्रात कार्डिनल सारा यांनी मात्र सांगितले की साथीसारख्या अडचणीच्या काळात बिशपांचे तात्पुरते नियम पाळावेत, आणि परिस्थिती निवळली की ते संपतात.